झिरोच्या खालची ओळ

रंगनाथराव : ...आणि सकाळपासून तुझ्या मशीनवर प्रीमियम पेट्रोल किती गेलं? एकदम मोठा आकडा सांगू नकोस, मला दम लागतो.

रुपाली : एका गाडीत गेलं, साहेब.

रंगनाथराव : एका! वा. कोण तो दानशूर?

रुपाली : हिंजवडीला जाणारा मुलगा होता. नवीकोरी मोटारसायकल, गळ्यात कंपनीचं कार्ड. म्हणाला, प्रीमियमच टाका, मस्त पळते गाडी. मी टाकलं.

रंगनाथराव : म्हणजे टाकता येतं तुला. मला वाटलं, हाताला काही झालंय.

रुपाली : त्यानं मागितलं म्हणून टाकलं. बाकीच्यांनी साधं मागितलं, त्यांना साधं टाकलं.

रंगनाथराव : त्यांनी मागितलं, कारण तू विचारलंस. मोटारसायकलवाल्यांना विचारायचं नाही, असं ठरलं होतं ना आपलं?

रुपाली : तुमचं ठरलं होतं.

रंगनाथराव : बरं, माझं. पंप माझा असल्यामुळे अधूनमधून मी काही ठरवतो, ही माझी जुनी खोड आहे. पुन्हा सांगतो. मोटारसायकल आली की प्रीमियमचा नोझल उचलायचा, झिरो दाखवायचा, टाकायचं. कोणी हटकलंच तर म्हणायचं, साधं हवं होतं का, आधी सांगायचं ना. यात अवघड काय आहे?

रुपाली : अवघड काहीच नाही. म्हणून तर सगळे करतात.

रंगनाथराव : सगळे करतात आणि तू एकटी सत्यनारायण घालतेस. सलोनीचं मशीन बघ जरा. तेल कंपनीचा अधिकारी परवा तिचं नाव घेऊन गेला.

रुपाली : साहेब, एक विचारू? मार्केट यार्डातून ट्रक येतात, त्यांना मात्र विचारायचं. साधं डिझेल की प्रीमियम, असं खिडकीपाशी जाऊन विचारायचं. हे काहून?

रंगनाथराव : का. पुण्यात 'का' म्हणतात.

रुपाली : का म्हणा, काहून म्हणा, उत्तर तेच आहे. ट्रकवाला खाली उतरतो. त्याच्यासोबत क्लीनर असतो, हातात पाना असतो. मोटारसायकलवाला एकटा, त्याला कामावर जायची घाई, मागचा हॉर्न वाजवतो. जो भांडेल त्याला विचारायचं आणि जो भांडणार नाही त्याला परस्पर वाढायचं.

रंगनाथराव : हे बघ, भाषण नको. मी कोणाला रॉकेल देतोय का? जास्त चांगलं पेट्रोल देतोय. इंजिन स्वच्छ राहतं.

रुपाली : खानावळीत माणूस पोळीभाजी मागतो. त्याला न विचारता श्रीखंड वाढलं आणि पैसे श्रीखंडाचे लावले, तर? श्रीखंड वाईट असतं असं कुठं म्हणतेय मी.

रंगनाथराव : वाशीमच्या खानावळीत श्रीखंड मिळतं वाटतं.

रुपाली : मिळतं. विचारून वाढतात.

रंगनाथराव : रुपाली, जीभ आवर. तुला इथे उभं केलं तेव्हा आजूबाजूचे सगळे पंपवाले मला हसले होते. पोरी ठेवल्या रंगनाथनं, आता हळदीकुंकू करणार. मी ऐकून घेतलं. का, तर पोरी मापात लबाडी करत नाहीत. या पंपावर माझ्या वडिलांपासून थेंबाचा फरक पडलेला नाही. ती बाहेरची पाटी कोणी लावली माहितीये?

रुपाली : तोंडपाठ आहे. 'शून्य पाहिल्याशिवाय पेट्रोल घेऊ नये. घेतल्यास नंतर तोंड वर करून येऊ नये.'

रंगनाथराव : वडिलांनी, रावसाहेबांनी, स्वतः रंगवून घेतली होती. इथे तेव्हा समोर सगळी शेतं होती. सातारा रोडनं जाणारी माणसं आधीचे दोन पंप सोडून आमच्याकडे थांबायची. या पाटीसाठी.

रुपाली : अजूनही थांबतात. म्हणूनच फसतात.

रंगनाथराव : काय म्हणालीस?

रुपाली : खरं तेच म्हणाले. आपण म्हणतो, झिरो बघा. माणूस झिरो बघतो, मान डोलावतो आणि पाकिटात हात घालतो. झिरोच्या खाली लिटर, त्याच्याही खालच्या ओळीत भाव. तिथं कोणाची नजर जात नाही. पन्नासचं टाका म्हणणाऱ्याला तर काहीच कळत नाही. नोट तीच, झिरो तोच, फक्त भाव जास्त म्हणून टाकीत कमी पडतं. आणि मनात शंका येत नाही, कारण इथं झिरो दाखवतात! दुसऱ्या एखाद्या पंपावर माणूस चार वेळा मशीनकडे बघेल. तुमच्याकडे बघत नाही.

रंगनाथराव : मशीनवर भाव झाकून ठेवलाय का मी? डोळे आहेत ना लोकांना?

रुपाली : आहेत. ते आपण झिरोवर लावून ठेवतो.

सलोनी : सर, मे आय... सॉरी, सुट्टे हवे होते. दहाच्या नोटा. आणि रुपाली, तू चल ना यार, बाहेर सीन झालाय. तुझ्या मशीनला लाइन लागलीये रस्त्यापर्यंत, आणि माझ्याकडे कोणी येतच नाहीये. मी बोलावतेय, इकडे या, इकडे रिकामं आहे, तर म्हणतात नको, आम्ही त्या ताईंकडेच घेऊ.

रंगनाथराव : ऐकलंस? माझ्याच पंपावर दुसरा पंप उघडलास तू.

सलोनी : ॲक्च्युअली सर, एक काका मला म्हणाले, ती भाव दाखवते, तू का नाही दाखवत? मी काय बोलणार? मी म्हटलं, माझं मशीन नवीन आहे.

रंगनाथराव : उत्तम. आता मशीनवर ढकला.

रुपाली : सलोनी, थांब जरा. साहेब, तुम्हाला रंगरावांचं सांगायचं होतं. परवा आले होते मी, तुम्ही कंपनीच्या फोनवर होता. तुम्ही हातानं 'जा जा' केलंत.

रंगनाथराव : कोण रंगराव?

सलोनी : ते वॉचमन, सर. सॉफ्टवेअरवाल्यांच्या बिल्डिंगवर असतात. जुनी राजदूत आहे, स्टार्ट करताना सगळा पंप हलतो.

रंगनाथराव : हां, ते. वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक आहे. त्यांचं काय?

रुपाली : ते दर सोमवारी पन्नासचं टाकतात. ते त्यांना आठवडाभर पुरतं, वर्षानुवर्षं पुरतंय. या महिन्यात पुरेना. गुरुवारी गाडी ढकलत घरी न्यावी लागली. तर त्यांना काय वाटलं असेल, सांगा?

रंगनाथराव : गाडी म्हातारी झाली, असं वाटलं असेल. झालीच आहे.

रुपाली : नाही. त्यांच्या घरी मेहुणा राहायला आलाय, बायकोचा भाऊ. इकडे काम शोधायला आलाय. रंगरावांना वाटलं, तो नळी घालून पेट्रोल काढतो आणि विकतो. चार लोकांसमोर चोर म्हणाले त्याला. तो पिशवी उचलून निघून गेला. कांताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलंय. ताट ठेवतात, पण वाढू का विचारत नाहीत.

सलोनी : ओ गॉड. हे मला नव्हतं माहीत.

रुपाली : परवा माझ्याकडे आले. पेट्रोल घ्यायला नाही, विचारायला. म्हणाले, ताई, नळी घातली तर टाकीच्या झाकणावर खूण राहते का हो? मला दिसत नाही खूण. मी म्हटलं, पंपावर विचारा ना, इथंच काही... तर मला मध्येच तोडून म्हणाले, छे छे, इथं काही शंका नाही. इथं झिरो बघून घेतो मी.

रंगनाथराव : ...तू काय सांगितलंस मग?

रुपाली : म्हटलं, सोमवारी या, साहेबांना विचारून सांगते. आज सोमवार आहे.

रंगनाथराव : काही सांगायचं नाही.

रुपाली : साहेब!

रंगनाथराव : काही सांगायचं नाही, म्हणजे नाही. एकाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या बिबवेवाडीला कळेल. कंपनी मागे लागलीये, प्रीमियम खपवा नाहीतर नवीन मशीन देणार नाही. समोर त्या चौकात खाजगी कंपनीचा पंप उभा राहतोय, काचेचा, आत कॉफी मिळणार. त्यांच्यासमोर मी काय करू, वडिलांची पाटी पुसत बसू? आणखी काही महिने. मग पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

रुपाली : त्या मेहुण्याचं पण पहिल्यासारखं होईल का?

रंगनाथराव : घरातली भांडणं माझ्या पंपावर आणू नकोस. आजपासून तू मशीनवर नाहीस. हवेवर जा. टायर भर, सगळ्यांना फुकट भर, आणि तुझं ते तत्त्वज्ञान हवेत सोड. सलोनी, रंगराव आले की तुझ्याकडे घे. नेहमीसारखं.

सलोनी : हो सर.

(दुपारनंतर, पंपाच्या कोपऱ्यात, हवेच्या मशीनपाशी.)

सलोनी : पाणी पी. ऊन बघ केवढं आहे. तिकडे छप्पर तरी असतं.

रुपाली : हवेवर छप्पर लागत नाही. किती झालं तुझं?

सलोनी : विचारू नकोस ना. झालं. प्रीमियम खपवण्यात पहिली येणार मी या महिन्यात, कंपनीचं बक्षीस आहे. मोबाइल मिळणार, कॅमेरावाला. खडकीत आमच्या क्वार्टर्समध्ये कोणाकडेच नाहीये. पप्पांचे फॅक्टरीवाले मित्र घरी येतात ना, त्यांच्यासमोर पप्पा म्हणतात, आमची सलोनी पंपावर असते, आणि मग लगेच विषय बदलतात. तो मोबाइल दाखवला की नाही बदलणार.

रुपाली : मिळू दे तुला. चांगला मिळू दे.

सलोनी : टोमणा मारतेस?

रुपाली : नाही गं. टोमणे मारायला पुण्यात जन्मावं लागतं.

सलोनी : तू का एवढं ताणतेस, सांग ना? ही नोकरी गेली तर तुला वाशीमला जायला लागणार. तूच सांगितलंयस मला. तुझे बाबा स्थळ बघून बसलेत.

रुपाली : बसलेत. पंपावर पोरगी उभी राहते म्हणून गावात त्यांना लोक बोलतात, तेही ऐकून बसलेत. येताना मी त्यांना काय म्हटलं होतं, ठाऊक आहे? म्हटलं, बाबा, तिथं वाईट काही नाही, पाटी लावलेली आहे, झिरो दाखवूनच पेट्रोल देतात. त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं, आमच्या पोरीचा पंप एकदम खरा आहे. आता मी झिरो दाखवून लोकांचे खिसे कापू? मग बाबांनी आणलेलं स्थळ काय वाईट आहे! तिथं गेले तर निदान मलाच एकटीला फसवतील.

सलोनी : हसवू नकोस. मी सीरियस आहे.

रुपाली : मीही. तुला एक विचारते, खरं सांग. तू नोझल उचलतेस तेव्हा त्या माणसाच्या तोंडाकडे बघतेस का?

सलोनी : ...नाही. मशीनकडे बघते. बघितलं की टाकता येत नाही.

रुपाली : हं.

सलोनी : हं काय? तुझं बरं आहे. तू आता हवेवर आहेस, तुला कोणाच्या टाकीत काही घालायचं नाहीये. सोपं आहे असं कोपऱ्यात उभं राहून खरं बोलायला. तू इकडे काय चालवलंयस तेही दिसतंय मला. हवा भरायला आला की कानात काहीतरी सांगतेस.

रुपाली : कानात कशाला? मोठ्यानं सांगते. दादा, पेट्रोल घेतलंत ना, कोणतं घेतलंत? माहीत नाही? मग पुढच्या वेळी विचारून घ्या. एवढंच.

रंगनाथराव : एवढंच! आत केबिनमध्ये ऐकू येतंय मला एवढंच. तिघे माझ्या टेबलाशी येऊन भाव विचारून गेले. रुपाली, ती नळी खाली ठेव. ठेव म्हणतोय ना.

रुपाली : ठेवली.

रंगनाथराव : हवेवर पाठवलं, म्हटलं शांत होईल. तू तर हवेवरून सभा घेतेस. शेवटचं विचारतो. गप्प बसणार की नाही?

रुपाली : नाही.

रंगनाथराव : मग उद्यापासून येऊ नकोस.

सलोनी : सर, प्लीज, असं नका ना...

रंगनाथराव : तू मशीनवर जा, सलोनी.

रुपाली : ठीक आहे, साहेब. नाही येत. पण मले लिहून द्या.

रंगनाथराव : काय लिहून देऊ?

रुपाली : कशापायी काढलं ते. कॅशमध्ये तूट आली म्हणून नाही, उशिरा आली म्हणून नाही, गिऱ्हाईकाशी भांडली म्हणून नाही. लिहा, रुपाली गिऱ्हाईकाला भाव बघा म्हणाली, म्हणून काढलं. खाली तुमची सही करा आणि पंपाचा शिक्का मारा. मी बाबांना दाखवीन. गावात दाखवीन. मोठ्या अभिमानानं घेऊन जाईन मी ते.

रंगनाथराव : माझ्यासमोर नाटक करू नकोस.

रुपाली : नाटक नाही. पाटी लिहिता येते तुमच्या घरात, हेही लिहा. नाहीतर त्या पाटीखालीच रंगवून घ्या. शून्य बघावे, भाव बघू नये. बघितल्यास पोरीला काढून टाकण्यात येईल.

रंगनाथराव : रावसाहेबांच्या पाटीबद्दल बोलायचं नाही!

रुपाली : मीच बोलणार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या पाटीखाली मी उभी असते. तुम्ही केबिनमध्ये असता. लोक माझ्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवतात, तुमच्या नाही. तो विश्वास माझा आहे. तुमचं पेट्रोल विका, नळी विका, पंप विका. माझं तोंड विकायचं नाही.

सलोनी : सर... रंगराव आले. राजदूत. माझ्या मशीनला लागलेत.

रंगनाथराव : जा मग. मी इथेच उभा आहे.

सलोनी : मी... रुपाली आली तर...

रंगनाथराव : रुपाली इथून हलणार नाही. तिनं त्यांच्याशी एक अक्षर काढलं, तर आत्ता, या क्षणी गेटबाहेर. जा.

रुपाली : साहेब, मी जाणार आहे त्यांच्याकडे. तुम्ही गेटबाहेर काढा, मी गेटबाहेर उभी राहून सांगेन. रस्ता तुमचा नाही. ते बघा, त्यांनी टाकीचं झाकण काढलं, हात फिरवून खूण शोधतायत अजून.

रंगनाथराव : एक पाऊल टाकू नकोस.

रुपाली : टाकलं. हे बघा, दुसरं.

रंगनाथराव : रुपाली!

रुपाली : ओरडा. सगळे बघतायत. बघू द्या. पहिल्यांदाच लोक मशीन सोडून मालकाकडे बघतायत.

सलोनी : नमस्कार काका. किती टाकू?

रंगराव : नेहमीचं, पोरी. पन्नासचं. ती तुमची रुपाली कुठाय? तिनं मला आज बोलावलं होतं.

सलोनी : ती... ती आहे तिकडे. येतेय. काका, झिरो बघा.

रंगराव : बघितला. टाक.

रंगनाथराव : सलोनी, मागे रांग लागलीये. आटप लवकर.

सलोनी : हो सर. काका, थांबा. माझ्याकडे बघा जरा. कांताकाकू बोलतात का तुमच्याशी?

रंगराव : हे तुला कुणी सांगितलं?

सलोनी : मेहुण्यांना परत बोलवा, काका. त्यांनी काही नाही केलेलं. आणि आता मशीनकडे बघा. झिरो नका बघू, झिरो ठीकच असतो आमचा. त्याच्या खाली बघा. अजून एक ओळ खाली.